चौथी बाजू

विहीणबाई खुर्चीसकट खाली बसल्या, आणि घरात जुन्या लाकडी खुर्च्यांचा विषय निघाला.

खुर्ची प्लॅस्टिकची होती, आधीच्या भाड्याच्या घरातून आलेली, आणि तिचे पाय बरेच दिवस फाकत चालले होते. विहीणबाई अंगाने भरलेल्या. जेवून झाल्यावर त्या समाधानाने मागे रेलल्या आणि खुर्चीने चारी पाय चार दिशांना सोडून दिले. लागलं काहीच नाही, पण राग मात्र यायचा तेवढा आला. जमिनीवर बसल्याबसल्याच त्यांनी फर्मान काढलं, "मला नंतर उठवा. आधी ही बया घराबाहेर काढा."

त्यांच्या मुलाने, म्हणजे या घरातल्या जावयाने, दोन्ही कामं एकाच वेळी करायचा प्रयत्न केला. सून हसू दाबत पाणी आणायला पळाली. आणि सुनेचे वडील हा सगळा प्रकार स्वयंपाकघराच्या चौकटीत, हातात ताट धरून, उभ्याउभ्या बघत होते.

ते सगळंच उभ्याउभ्या करत. जेवण, चहा, पेपर वाचणं, अगदी फोनवर बोलणंसुद्धा. उभा जन्म त्यांचा एका नाटक कंपनीत गेला. पडदा उघडायच्या आधी रंगमंचावर टेबल, खुर्च्या, दिवा, पाण्याचा तांब्या जागच्या जागी मांडायचा, अंक संपला की सगळं उचलून पुढच्या अंकाचं मांडायचं, हे त्यांचं काम. कंपनीत त्यांना सगळे मांडणकाका म्हणत आणि घरातही तेच चालू झालं होतं. फक्त मुलगी बाबा म्हणायची आणि विहीणबाई व्याही म्हणायच्या, तेही मूड चांगला असेल तर.

या कामाचा एक कडक नियम होता. मांडलेल्या खुर्चीवर मांडणाऱ्याने बसायचं नाही. खुर्चीची जागा ठरलेली, तिच्या चारी पायांशी जमिनीवर खडूने खुणा केलेल्या, तिच्यावर पडणारा उजेडही ठरलेला. कोणी टेकलं की ती बोटभर तरी सरकणार, आणि मग नट अंधारात बोलत बसणार. मांडणकाका नवे होते तेव्हा एकदा राजाच्या आसनावर दमून टेकले होते. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने कान धरून उठवलं आणि सगळ्या कंपनीसमोर सांगितलं, "ज्याने मांडायची त्याने विंगेत उभं राहायचं." ते त्यांच्या हाडात इतकं मुरलं की कंपनी बंद पडली तरी निघालं नाही.

कंपनी बंद पडल्यावर भाड्याची खोली सोडून ते मुलीकडे आले होते. चार दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता बरेच महिने झाले होते. पण त्यांची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली भरलेलीच असायची. कपडे लागतील तसे काढायचे, धुऊन वाळले की पुन्हा ट्रंकेत. मुलीने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात त्यांनी फक्त दाढीचं सामान ठेवलं होतं. मुलीला ते डाचायचं. ती तोंडाने काही म्हणत नसे, पण रोज केर काढताना ट्रंक जरा जोरातच सरकवायची.

त्यात नेमका त्या आठवड्यात कंपनीच्या मालकाच्या मुलाचा फोन आला. जुनं सामान गोदामात पडलंय, मागे एक खोली आहे, काका तुम्ही येऊन राहा, सामानावर नजर राहील. रविवारपर्यंत कळवा. मांडणकाकांना बोलावणं मनापासून आवडलं नाही. गोदामात उंदीर फार. पण मुलीच्या संसारात आपण जादाचे आहोत, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला होता आणि त्याला कोणी हाकलत नव्हतं. जायचं त्यांनी मनात जवळपास ठरवून टाकलं होतं.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, खुर्च्या तुम्हीच निवडा. जुन्या, लाकडी, चांगल्या बांध्याच्या बघा. टेबल यांच्या आजोबांच्या वेळचं आहे, त्याला नव्या शोभणार नाहीत," तेव्हा त्यांना बरंच वाटलं. जाता जाता एक झकास मांडणी करून द्यावी, म्हणजे आपल्यामागे म्हणतील तरी, की बाबांची नजर होती.

जुन्या फर्निचरचं दुकान एका बंद छापखान्याच्या लांबलचक खोलीत होतं. खुर्च्या जमिनीवर, खुर्च्या खुर्च्यांवर, काही तर छताला उलट्या टांगलेल्या. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा गृहस्थ होता, पण खुर्ची हातात घेतली की त्याची नजर तयार व्हायची. एकेक खुर्ची उलटी करून तो पोटातून दाखवायचा. "हे बघा, खिळा एक नाही, लाकडात लाकूड बसवलंय. ही किडीची भोकं जुनी आहेत, ताजा भुसा पडत नाही. ही बैठक वेताची, पण परत विणून घेतलीय. बसून बघा की."

"बसायचं काय त्यात," मांडणकाका म्हणाले. "ती तिकडे टोकाला नेऊन ठेवा. जरा तिरकी. आणि हा वरचा दिवा घालवा."

ते स्वतः चालत पार दारापर्यंत गेले, वळले आणि डोळे बारीक करून उभे राहिले.

"साहेब, खुर्ची घेताय की फोटो काढताय?" दुकानदाराने तिकडून ओरडून विचारलं.

मांडणकाकांनी ते कानाआड केलं. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या अशाच पाहिल्या होत्या, शेवटच्या रांगेतून. विहीणबाईंसाठी त्यांनी उंच पाठीची, लाल मखमलीची, हातांवर सिंहाची तोंडं कोरलेली खुर्ची काढली. त्या बाईंचा थाटच तसा होता, राणीच दिसणार. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता, उंचपुरा आणि अबोल. त्याच्यासाठी वाकवलेल्या लाकडाची, गोलाईदार, वेती बैठकीची. मुलीसाठी शोधायला मात्र वेळ लागला. शेवटी एका ढिगाच्या तळातून बारीक गोल दांड्यांची, साधी, ताठ पाठीची एक निघाली. ती दिसल्यावर त्यांनी ना ती लांब न्यायला लावली ना दिवा घालवायला सांगितला. नुसतं म्हणाले, "हीच."

दुकानदार खुर्च्या पुसायला बसला आणि त्याने चहा मागवला. मांडणकाका गल्ल्याशेजारी कशावर तरी टेकले. दोघांच्या गप्पा रंगल्या. कोणत्या नाटकात खुर्ची मोडली, कोणत्या नटाने मोडलेल्या खुर्चीवरच तोल सांभाळत भाषण पूर्ण केलं, असं एकेक निघत गेलं. चहा दुसऱ्यांदा आला, उन्हं कलली, तरी त्यांना उठावंसं वाटलं नाही. ते ज्याच्यावर बसले होते ती एक बसकी, रुंद खुर्ची होती. तिचा एक हात कधीतरी मोडल्यावर दुसऱ्याच लाकडाचा लावलेला होता, त्यामुळे एक बाजू काळी आणि एक पिवळी. ती कोणी मांडलेली नव्हती, नुसती तिथे पडलेली होती. मांडणकाकांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. दुकानदाराने मात्र बघितलं.

शुक्रवारी खुर्च्या घरी आल्या. मांडणकाकांनी कोणाला हात लावू दिला नाही. टेबल खोलीच्या मधोमध घेतलं, तीन बाजूंना तीन खुर्च्या लावल्या, दोन बाजूच्या खुर्च्यांना दाराकडे किंचित कल दिला. मग दारात जाऊन उभे राहिले, दोनदा परत येऊन मखमली खुर्ची बोटभर सरकवली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दृश्य असं, की पडदा उघडल्याबरोबर टाळी पडावी.

टाळी पडली नाही. विहीणबाई सिंहासनावर बसल्या आणि त्यांचे पाय हवेत लोंबकळले.

"अहो व्याही, या वयात मला झोपाळ्यावर बसवलंत की! आणि पाठीवरची ही नक्षी कोणासाठी? ते कोरीवकाम सगळं माझ्या बरगडीत शिरतंय."

"छान आहे खुर्ची," जावई म्हणाला. त्याची बैठक मध्ये खोलगट होती आणि गुडघे टेबलाला खालून टेकले होते. तो घास घ्यायला वाकला की टेबल उचललं जायचं आणि सगळ्यांची ताटं एकदम त्याच्या बाजूने वर व्हायची. दोनदा असं झाल्यावर आमटीची वाटी निसटली, ती विहीणबाईंनी हवेतच पकडली. आधी मुलगी फिसकन हसली, मग जावई, आणि मग विहीणबाई अशा हसू लागल्या की सिंहासन कुरकुरलं. मांडणकाका चौकटीत ताट घेऊन उभे होते. तेही हसले, पण जरा उशिरा.

मुलगी रुग्णालयात लोकांच्या पाठी, कंबरा, गुडघे चालते करायचं काम करत असे. दिवसभर लोकांना बसायचं कसं हे शिकवून ती घरी येई. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, एकदा तरी बसून बघितलंत का हो यांच्यावर?"

"नाही."

"मग निवडल्या कशा?"

"लांबून."

"अहो, पण आम्ही लांबून बसणार आहोत का?"

नटाला एका अंकापेक्षा जास्त कुठे बसावं लागतं, हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. इतकी वर्षं नावाजलेली नजर मुलीच्या घरात चारी मुंड्या चीत झाली होती.

विहीणबाईंनी तेवढ्यात टेबलाच्या मोकळ्या बाजूकडे हात केला. "ते राहू दे. आपण सगळे दाराकडे तोंड करून का जेवतोय? कोण येणार आहे? आणि तुमची खुर्ची कुठाय?"

"तिथे? ती बाजू मोकळीच ठेवायची असते," मांडणकाका म्हणाले. "तिथे बसलेल्या माणसाची नुसती पाठ दिसते."

"कोणाला दिसते?"

मांडणकाकांनी दाराकडे पाहिलं. दारात पायपुसणं होतं आणि भिंतीवर छत्री टांगलेली होती. बाकी कोणी नव्हतं.

"मला काय खुर्चीचं," ते घाईने म्हणाले. "मी तसाही चाललोय. गोदामात खोली मिळतेय, त्याला रविवारपर्यंत सांगायचंय. सामानावर लक्ष ठेवायला माणूस हवाच त्यांना."

कोणी हसेना. जावयाने गुडघे हळूच खाली घेतले. मुलगी ताटात बोट फिरवत बसली. ती रागावली की आवाज चढवत नसे, उलट उतरवत असे. त्याच उतरलेल्या आवाजात ती म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर दुकानात. खुर्च्या बदलून आणू. मग काय ते बोला."

दुसऱ्या दिवशी दुकानात विहीणबाईही आल्या. आपल्या बैठकीचा निकाल दुसऱ्याच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी खोलीच्या एका टोकापासून सुरुवात केली आणि दिसेल त्या खुर्चीवर बसत गेल्या. कुठे नाक मुरडलं, कुठे "हं" केलं, एका खुर्चीत अडकल्या आणि दोघांनी ओढून काढल्या. मुलगी त्यांच्यापुढे उकिडवी बसून बघायची. तळवे जमिनीला पूर्ण टेकताहेत का, गुडघ्यामागे हात जाईल एवढी जागा उरतेय का, उठताना हाताला जोर मिळतोय का. मांडणकाका लांब दारात उभे राहून बघत होते. तिच्या मांडणीत नजरेचं काम नव्हतं, हातांचं होतं. लेक आपल्या कामात किती हुशार आहे हे त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं, आणि त्यांना तिचा फार अभिमान वाटला.

सिंहासन गेलं, त्याच्या बदल्यात रुंद हातांची बुटकी खुर्ची आली. जावयासाठी उंच, सरळ बैठकीची निघाली. मुलीच्या खुर्चीची पाळी आली तेव्हा मांडणकाका पुढे झाले. "ही पण बदलून घे. उगीच आपली..."

"ही नाही बदलायची," ती म्हणाली. "ही मापाची आहे माझ्या. काल सगळे हसत होते म्हणून बोलले नाही. कशी काय निवडलीत ही?"

"काय माहीत," ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना माहीत होतं. लहानपणी ती विंगेत खोक्यावर अशीच ताठ बसून नाटक बघायची, पाठ कुठेही न टेकता, पडदा पडेपर्यंत.

खुर्च्या टेम्पोत चढवून दोरी बांधायला ते बाहेर गेले. आतून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं, दुकानदार मुलीला काहीतरी दाखवत होता. टेम्पोवाल्याची गाठ मांडणकाकांना पसंत पडली नाही, म्हणून ती सोडून त्यांनी आपली कंपनीतली गाठ मारली आणि त्या नादात पुढचं काही पाहिलं नाही. मग मुलगी म्हणाली, "तुम्ही आईंना घेऊन रिक्षाने पुढे व्हा. मी टेम्पोबरोबर येते."

संध्याकाळी मांडणकाकांनी ट्रंक पलंगाखालून ओढली. दोरीवरचे कपडे काढून आणले, घड्या केल्या. दाढीचं सामान कप्प्यातून काढून वरती ठेवलं. आवरायला फार काही नव्हतंच. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. काल इतकं हसं झालं, आज लेकीने सगळं निस्तरलं, आता इथे आपल्या हातून मांडायचं काय उरलं, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. उद्या सकाळी निघायचं. सकाळची गाडी बरी.

"बाबा, जेवायला या."

"तुम्ही बसा. मी येतो मागून."

"मागून नाही, आत्ता."

ते सवयीने आधी दारात थांबले. दोन नव्या खुर्च्या आणि मुलीची ती दांड्यांची, तिन्ही बाजूंना तिघं बसले होते, कोणी हवेत नव्हतं, कोणाची वाटी घसरत नव्हती. आणि चौथ्या बाजूला, दाराकडे पाठ करून, एक बसकी खुर्ची होती. तिचा एक हात काळा आणि एक पिवळा.

"ही कुठून आली?" मांडणकाका म्हणाले. "ही दिसायला काहीच नाही."

"दुकानदार म्हणाला, काका हिच्यावर दोन चहा होईपर्यंत बसले होते," मुलगी म्हणाली. "माझ्या माहितीत तुम्ही इतका वेळ बसल्याची ही पहिलीच खुर्ची."

"अगं, पण मांडलेल्या खुर्चीवर मी बसत..."

"मांडणाऱ्याने बसायचं नाही. ठाऊक आहे मला, लहानपणापासून ऐकतेय. ही तुम्ही कुठे मांडलीय? ही मी मांडलीय."

मांडणकाकांनी खाली बघितलं. खुर्चीच्या चारी पायांशी जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. कोपरा धरून दोन छोट्या रेघा, शेवटी किंचित बाहेर ओढलेल्या, जशा ते स्वतः काढत तशाच हुबेहूब. विंगेत खोक्यावर बसलेल्या पोरीने नाटकाबरोबर हेही बघितलं होतं. खूण केली की ती वस्तू तिथेच. दौरा कितीही लांबचा असो, गाव कुठलंही असो, पडदा उघडताना ती तिथेच असली पाहिजे.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला विंग नव्हती.

"बसा हो व्याही, अन्न निवतंय," विहीणबाई म्हणाल्या. "फरशी पुसणारणीला मी सांगेन खुणांवरून फडकं मारू नकोस म्हणून."

मांडणकाका बसले. खुर्ची कुरकुरली नाही. समोर लेक होती, एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, तिघांची तोंडं त्यांच्याकडे. दार पाठीमागे राहिलं. मुलीने त्यांना वाढलं. पहिला घास खाताना ते अवघडले, दुसरा खाताना कमी अवघडले, आणि मग जावयाने लिफ्टमध्ये अडकलेल्या एका साहेबाची गोष्ट काढली, ती ऐकता ऐकता त्यांनी भात परत मागून घेतला.

"गोदामवाल्याला काय सांगणार?" मुलीने ताटाकडे बघतच विचारलं.

"जमणार नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आणि त्या कप्प्यात जागा आहे ना अजून? कपडे ठेवीन म्हणतो."

"आहे," ती म्हणाली. तिने त्यांची आमटीची वाटी परत भरली.

जेवण झाल्यावर सगळे उठले. मांडणकाका सगळ्यांत शेवटी उठले. खुर्ची बोटभर सरकली होती, ती त्यांनी वाकून परत खुणांवर आणून ठेवली, एक डोळा मिटून चारी पाय तपासले, आणि मग हात धुवायला गेले.